वन्संच्या चिमटीतली माती

सात बरण्या उकळायच्या होत्या. चार उकळून फडक्यावर पालथ्या घातल्या होत्या, तीन अजून पातेल्यात खडखडत होत्या. चिमट्याने पाचवी उचलणार, तेवढ्यात वन्सं मागच्या दाराने आत आल्या. चपला दाराशी, छत्री खुंटीला आणि खांद्यावरची पिशवी थेट माझ्या ओट्यावर. पिशवीतून मातीच्या पाच पुड्या निघाल्या, वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेल्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने आकडा घातलेला.

"या बरण्या मला हव्यात," वन्सं म्हणाल्या. "पाच. झाकणं नकोत."

मी म्हटलं, अहो, या वर्षाच्या साठवणीच्या आहेत, सकाळपासून त्यांच्यामागे आहे मी. त्या म्हणाल्या, उकळलेल्या आहेत म्हणूनच हव्यात. एवढं बोलून त्यांनी एका निवलेल्या बरणीत पहिली पुडी ओतलीसुद्धा. वर दुसऱ्या पुडीसाठी दुसरा चमचा मागितला, तिसऱ्या पुडीसाठी तिसरा. चमचे संपले तेव्हा कालथा दिला.

रोज सकाळी प्रार्थना झाली की मी वहीत आदल्या दिवसाच्या चार ओळी लिहिते. त्या दिवसाची ओळ अशी आहे: "बरण्या मातीत गेल्या. देव वन्संना सद्बुद्धी देवो." या ओळीबद्दल मी नंतर देवाची माफी मागितली. ओळ खोडली मात्र नाही. वहीत लिहिलेलं खोडायचं नाही, हा माझा पहिल्यापासूनचा नियम आहे, आणि या नियमाचा पुढे कसा उपयोग झाला तेच सांगायचं आहे.

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांच्या थोरल्या बहीण. वय अठ्ठावन्न, उंची माझ्या खांद्याएवढी, केस घट्ट बांधलेले, आणि हाताची बोटं कायम धुऊन धुऊन सुरकुतलेली. त्यांची आई गेली तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या आणि धाकटे भाऊ, म्हणजे माझे भाऊजी, तीन वर्षांचे. भावाला वाढवता वाढवता बिचारीचं लग्न राहून गेलं, असं लोक म्हणतात. वन्संना विचारलं तर म्हणतात, राहून काही गेलं नाही, मी ते कुठे ठेवलंच नव्हतं.

एकतीस वर्षांपूर्वी त्या माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काचा धुवायला लागल्या. तिथे मातीतले जंतू वाढवायला चपट्या काचेच्या बशा असतात, मायक्रोस्कोपखाली ठेवायच्या काचपट्ट्या असतात, नळ्या असतात. दिवसाला दोन-तीनशे नग. सगळे उकळायचे, घासायचे, पुसायचे, आकड्याप्रमाणे लावायचे. अजूनही तिथे त्यांना बशीवाल्या बाई म्हणतात.

वन्संची खोड एकच. बशी धुवायच्या आधी ती उजेडाकडे धरून बघायची, आत काय उगवलंय ते. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्या म्हणतात, "आत काय शिजलं होतं ते न बघता पातेलं घासणारी बाई मी तरी पाहिलेली नाही." अशी सात-आठ वर्षं गेली. मग एक दिवस त्यांनी दोन बशा न धुता साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या आणि म्हणाल्या, या दोघींचे आकडे उलटे पडलेत, ही बागेची माती आहे आणि ही कोबीच्या शेताची. साहेब हसले. मग त्यांनी रजिस्टर उघडलं, आणि मग हसायचे थांबले. त्या महिन्यापासून दुपारी दोन तास वन्संना मायक्रोस्कोपवर मोजणीला बसवायला लागले. कागदावर सही साहेबांचीच होते, पण साहेब सही करायच्या आधी विचारतात, "बाई, तुम्ही बघितलंत ना?"

मातीतले जीव वन्सं दोनच नावांनी ओळखतात. जिवाणू म्हणजे ठिपके, बुरशी म्हणजे धागे. चौकटीच्या कागदावर त्या ठिपके आणि धागे काढून ठेवतात, शाळेतल्या पोरीच्या रांगोळीसारखे. आणि माती काचेखाली जायच्या आधी त्यांच्या नाकाखाली जाते. चिमटीत धरायची, चुरायची, डोळे मिटून वास घ्यायचा. आंबूस, घाणेरडा वास आला तर त्या तोंड वाकडं करतात. वाळल्या पाल्याचा, पावसाळ्यातल्या लाकडाचा वास आला तर चिमूट पुन्हा हुंगतात आणि म्हणतात, "ही घरंदाज आहे."

आता भाऊजींबद्दल. गावाबाहेरच्या रस्त्यावर त्यांची लिंबाच्या आणि संत्र्याच्या रोपांची नर्सरी आहे. खुंटाचं बी पेरायचं, रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्यावर चांगल्या झाडाचं कलम बांधायचं, आणि कलम धरलं की बागवाल्यांना द्यायचं. भाऊजींचं वय त्रेचाळीस, बिनलग्नाचे. लग्नाचा विषय निघाला की त्यांना रोपांना पाणी घातलं नसल्याची आठवण होते. घरात ते आणि वन्सं एका ताटात जेवल्यासारखे जेवतात आणि रोज भांडतात.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या रोपांना मूळकूज लागली. मुळं काळी पडून गळून यायची. भाऊजींनी वाफेच्या वाफे स्वतःच्या हातांनी उपटून जाळले. मी तेव्हा जेवणाचा डबा घेऊन गेले होते. त्यांनी डबा घेतला, बाजूला ठेवला आणि धुराकडे बघत उभे राहिले. त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात स्वच्छतेने घर केलं. लोखंडी पिंपात वाफ करून माती तासन्‌तास वाफवायची. पिशव्या नव्या, फावडी औषधात बुडवलेली. फाटकाशी चपला बुडवायचा ट्रे. त्यांच्या नर्सरीत शिरण्यापेक्षा दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीत शिरणं सोपं होतं. माझे यजमान एकदा म्हणाले, "हा आता रोपांना मास्क लावायचा बाकी आहे."

मूळकूज गेली, हे खरं. पण रोपं वीतभर झाली आणि थांबली. मेली नाहीत, वाढलीही नाहीत. पानं बारीक, निस्तेज, खोड काडीसारखं. खत घातलं, थांबलेलीच. पाणी वाढवलं, कमी केलं, सावली केली, काढली. भाऊजींनी माती तपासायला दिली. अहवाल आला: रोगाचा जंतू आढळला नाही. त्यात खोटं काही नव्हतं. विचारलं होतं तेवढ्याचंच उत्तर होतं.

चार हजार रोपं तशीच वीतभर उभी. मग एका सकाळी चहा पिताना भाऊजींनी सांगून टाकलं. लांबच्या शहरात शीतगृहात देखरेखीची नोकरी मिळत होती, दहा आठवड्यांनी हजर व्हायचं होतं. तोवर रोपं काढून टाकायची आणि जागा रिकामी करायची. वन्संनी कप खाली ठेवला. ज्याला तीन वर्षांचा असल्यापासून कडेवर घेतलं, तो कायमचा जाणार होता, आणि आपण चुकलो नाही हे त्याला स्वतःलाही पटत नव्हतं. वन्संना त्याचं जाणं जेवढं लागलं तेवढंच हेही लागलं. हे मला कळलं, कारण त्या दिवशी त्या भांडल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या नर्सरीतून चार रोपं मुळासकट घेऊन आल्या आणि माझ्या टेबलावरची शाईची बाटली मागितली. वहीसाठी मी काळी शाई वापरते. मी विचारलं, पत्र लिहायचंय का? म्हणाल्या, नाही, मुळं रंगवायची आहेत. प्रयोगशाळेत मुळं आधी क्षारात उकळून पारदर्शक करतात, मग शाई आणि व्हिनेगरमध्ये ठेवतात. मुळाच्या आत बुरशीचे धागे असले तर ते शाई धरतात आणि मायक्रोस्कोपखाली काळे-निळे दिसतात. वन्संनी दिवसभर बघितलं. संध्याकाळी आल्या आणि शाईची बाटली परत ठेवत म्हणाल्या, "कोरी आहेत. चारही. पाटीसारखी."

मातीत मात्र ठिपकेच ठिपके होते. मग त्यांनी मला समजावून सांगितलं, ते मी वहीत त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतलं आहे. वाफेने ठिपकेही मरतात, धागेही मरतात. पण ठिपके वाऱ्यावर येतात, पाण्यातून येतात, एकाचे दोन आणि दोनाचे चार होत चार दिवसांत घर भरून टाकतात. धागा सावकाश येतो. त्याला जिवंत मूळ लागतं, कुणीतरी आणून सोडावं लागतं. ठिपके वाईट नव्हेत, पालापाचोळा कुजवून त्याचं खत तेच करतात, आणि मेथी-पालकासारख्या झटपट येणाऱ्या भाजीला ठिपके जास्त असले तरी चालतं. पण झाडाचं तसं नाही. जे वर्षानुवर्षं उभं राहणार त्याला धागे हवेत. मूळ जाडजूड, ते ढेकळाच्या फटीत शिरत नाही. धागा केसाहून बारीक. तो लांबवर जातो, जिथल्या तिथे चिकटून बसलेलं स्फुरद, झाडाचं अन्नच ते, सोडवून आणतो, पाणी आणतो आणि मुळाला देतो. मूळ त्याला त्याबद्दल साखर देतं.

"दोघांचं प्रमाण असतं," त्या म्हणाल्या. "एक वाढला म्हणून दुसऱ्याचं काम होत नाही. याने घर झाडून पुसून लख्ख केलं, आणि राहायला आले ते सगळे एकाच जातीचे."

हे ऐकताना मला वाटलं, ज्याने एवढ्याशा मातीत एवढा संसार मांडला त्याच्यापुढे मी रोज हात जोडते ते बरंच करते.

भाऊजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. त्यांचं म्हणणं असं की धागे हवेत म्हणजे जुन्या झाडाखालची माती आणायची, आणि जुन्या मातीतूनच मूळकूज येते. "ताई, तुझ्या नाकावर नर्सरी चालवू का मी?" ते म्हणाले.

"तुझं नाक पुसत होते तेव्हापासून हेच नाक आहे माझं," वन्सं म्हणाल्या. "पन्नास रोपं दे. कोपऱ्यातली. तू जाशील तेव्हा उपटून टाक."

भाऊजींनी दिली. अटीवर, की माती रोगी निघाली तर त्याच दिवशी सगळं बंद.

म्हणून त्या पाच पुड्या आणि माझ्या पाच बरण्या. वन्संनी सुट्टीच्या दिवशी पायपीट करून पाच जुन्या लिंबाच्या झाडांखालून, वरचा पाला सारून, बारीक मुळांसकट माती आणली होती. प्रत्येक बरणीत माती, वर गाळून उकळून निववलेलं पाणी, आणि पाण्यावर एक हिरवं, डाग नसलेलं लिंबू तरंगत सोडलेलं. मूळकुजीचा जंतू मातीत असेल तर तो लिंबावर येतो, चार-सहा दिवसांत तपकिरी डाग पडतो. न उकळलेली बरणी असती तर डाग मातीचा की बरणीचा, कळलं नसतं. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आठवडाभर लिंबं पाण्यात बसली होती. यजमान रोज सकाळी दात घासत येऊन त्यांची प्रकृती विचारायचे.

दुसऱ्या दिवशी काही नाही. चौथ्या दिवशी दोन नंबरच्या लिंबाला कातड्यासारखा डाग. पाचव्या दिवशी पाच नंबरला. वन्संनी त्या दोन्ही बरण्या उचलून माती उकळत्या पाण्यात ओतली आणि हात तीनदा धुतले. एक आणि चार नंबरचं लिंबू स्वच्छ राहिलं, पण त्या मातीतली मुळं शाईत घातली तर धागा कुठे कुठेच. तीन नंबरचं लिंबू आठव्या दिवशीही जसंच्या तसं, आणि मुळांमध्ये धागे असे, की वन्संनी मला प्रयोगशाळेत बोलावून दाखवले. मी एक डोळा मिटून बघितलं. मुळाच्या प्रत्येक घरात जणू कुणी बारीक झुडूप काळ्या शाईने काढून ठेवलं होतं. माझी शाई. मी तिथल्या तिथे मनात देवाचं नाव घेतलं.

ती माती एका निवृत्त शिक्षिकाबाईंच्या परसातली. झाड त्यांच्याहून मोठं. त्या झाडाला कधी खणलं नाही, औषध मारलं नाही, खाली पडलेला पाला उचलला नाही. त्यांची सून म्हणते आळस. शिक्षिकाबाई म्हणतात, माझे गुडघे.

कोपऱ्यातल्या पन्नास पिशव्यांत, मुळाजवळ पेन्सिलीने भोक पाडून, वन्संनी प्रत्येकी एक चिमूट माती सोडली. बाजूच्या रांगेतल्या पन्नास पिशव्यांत तीच माती, पण वाफवून मारलेली, म्हणजे फरक मातीच्या खताचा नाही हे कळावं. मग वाट बघणं. वन्सं रोज कामावरून सुटल्यावर नर्सरीत जायच्या, उकिडवं बसून रोपांकडे बघायच्या आणि घरी यायच्या. पहिला आठवडा काही नाही. दुसरा नाही. तिसऱ्यात भाऊजींनी सामान बांधायला खोकी आणली.

आता माझी चूक. डबा घेऊन नर्सरीत मीच जायची. मला त्या कोपऱ्यातल्या रोपांची दया येत होती, आणि वन्संचं एक वाक्य डोक्यात बसलं होतं, की धाग्यांना साखर लागते. मी म्हटलं, मुळाला जमत नसेल तर आपण द्यावी. कुणाला न सांगता तांब्यात साखरेचं पाणी करून मी रांगेच्या उगवतीकडच्या बारा पिशव्यांना घालायला लागले. एक दिवसाआड, दोन आठवडे. घालताना प्रार्थनाही म्हणायची.

पाचव्या आठवड्यात ती बारा रोपं पिवळी पडली. भाऊजींनी पिवळेपणा पाहिला आणि बाकी काही पाहिलं नाही. मूळकुजीपायी ज्याने वाफेच्या वाफे जाळले आहेत त्याला पिवळं पान दिसलं की दुसरं काही दिसत नाही. मी पोचले तेव्हा पिंपाखाली जाळ पेटला होता, आणि ते पन्नास पिशव्या हातगाडीत भरत होते. वन्सं बाजूला उभ्या होत्या. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. त्या भाऊजींना अडवत नव्हत्या. अट मान्य केली होती ना.

"एक पिशवी दे," एवढंच त्या म्हणाल्या. भाऊजींनी दिली. त्यांनी चिमूटभर माती काढली, चुरली आणि नाकाशी नेली. तोंड वाकडं झालं. आंबूस. मग दुसऱ्या टोकाची एक पिशवी उचलली, तिचाही वास घेतला, आणि चिमूट पुन्हा हुंगली.

"ही दोन घरं वेगळी आहेत," त्या म्हणाल्या. "एकाच रांगेत कशी?"

गप्प राहिले असते तर कुणाला काही कळलं नसतं. मी म्हटलं, भाऊजी, जाळ विझवा, मी घरी जाऊन वही घेऊन येते. आणि तिथेच सगळं सांगितलं, तांब्या, साखर, प्रार्थनेसकट.

भाऊजींनी हातातली पिशवी खाली ठेवली. "वहिनी, तुम्ही रोपांना सरबत पाजलंत?" ते म्हणाले.

वही आणली. त्यात तारखांनिशी होतं: किती पिशव्या, कोणत्या बाजूच्या, तांब्या भरून की अर्धा. वन्संनी बोट ठेवून वाचलं. भाऊजींनी पिशव्या एकेक करून हातगाडीतून काढल्या आणि पुन्हा लावल्या. पिवळी मोजून बारा, उगवतीकडची. उरलेली अडतीस हिरवी होती, आणि आता नीट बघितल्यावर बाजूच्या रांगेपेक्षा दोन बोटं उंच. एवढा वेळ ती तशी होती आणि आम्हा कुणाच्या डोळ्यांत भरली नव्हती.

वन्संनी मला बोल लावला नाही. साखर ओतली की ती आधी ठिपक्यांच्या हाती लागते, ते उधाणासारखे वाढतात आणि रोपाच्या वाट्याचं नत्र स्वतःच खाऊन टाकतात, असं त्या भाऊजींना सांगत होत्या. धाग्याला साखर मुळाकडूनच मिळायला हवी, त्या व्यवहारात तिसऱ्याने पडायचं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बरं झालं केलंस. प्रमाण बिघडलं की काय होतं ते याला दाखवायला माझ्याकडे रांग नव्हती."

हे त्या माझी समजूत काढायला म्हणाल्या की खरंच, ते मला आजही ठरवता येत नाही. पण त्यांच्या जागी मी असते तर निदान दोन दिवस बोलले नसते.

तरीही भाऊजींना पुरावा हवा होता. वन्संनी त्यांना प्रयोगशाळेत नेलं आणि मायक्रोस्कोपसमोर बसवलं. पिवळ्या रोपाचं मूळ, हिरव्याचं, आणि वाफवलेल्या रांगेतलं. कुजकं एकही नव्हतं. भाऊजी हिरव्याच्या मुळावर डोळा लावून बसले ते उठेचनात. साहेब मागे येऊन उभे राहिले होते. त्यांनी वन्संचा चौकटीचा कागद मागून घेतला आणि म्हणाले, पुढच्या अहवालापासून ठिपके आणि धागे दोन्ही लिहायचे, मोजणी बाईंची. सहीही बाईंची. वन्सं म्हणाल्या, सही मला कोपऱ्यात बारीक करायला आवडेल, आणि बशा धुवायला निघून गेल्या. त्या दिवसाच्या बशा राहिल्या होत्या.

साखर बंद केल्यावर बारातली नऊ रोपं हळूहळू सावरली, तीन गेली. त्या तिघांसाठी मी आजही मनात चुटपुटते. अडतीस मात्र वाढत राहिली. आठव्या आठवड्यात गुडघ्याच्या खाली, पान गडद, खोड भरायला लागलेलं. भाऊजी खिशात पेन्सिल ठेवून फिरायचे आणि येता-जाता खोडाला लावून बघायचे. पेन्सिलीएवढं जाड अजून एकही झालं नव्हतं, होईल असं दिसत होतं, एवढंच. वाफवलेली रांग होती तिथेच होती.

नोकरीच्या मुदतीचा दहावा आठवडा उजाडला. शीतगृहाकडून पत्र आलं, सोमवारी हजर व्हा. ते पत्र दोन दिवस जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीखाली पडून होतं. वन्सं मीठ घेताना बरणी उचलायच्या, पुन्हा त्याच कागदावर ठेवायच्या. काल जेवायला बसल्यावर भाऊजींनी माझ्याकडे कागद आणि पेन मागितलं, तिथेच बसून येत नाही म्हणून उत्तर लिहिलं, आणि घडी घालता घालता म्हणाले, "ताई, चार हजार पिशव्यांना चिमूट चिमूट म्हटलं तरी शिक्षिकाबाईंचं झाड उघडं पडेल."

वन्सं भात वाढत होत्या. हात थांबला, मग एक वाढ जास्तच पडली. त्यांचे डोळे भरले होते, आणि आवाज मात्र नेहमीचा. "त्या झाडाला पुन्हा हात लावायचा नाही," त्या म्हणाल्या. "उरलेल्या दोन मुठी मी ठेवल्यात. त्याचं विरजण लावायचं." वाफवलेल्या मातीचा एक वाफा करायचा, त्यात त्या दोन मुठी मिसळायच्या आणि वर मका दाट पेरायचा. मक्याच्या मुळांवर धागे भराभर वाढतात. तीन-चार महिन्यांनी मका कापला की मुळांसकट सगळा वाफाच धाग्यांचा होतो, आणि मूळकुजीसाठी लिंबू तरंगवून तो पुन्हा तपासायचा. चार हजारांना पुरून वर उरेल. भाऊजी म्हणाले, तोवर? वन्सं म्हणाल्या, तोवर वाट बघ, तेवढं तुला येतं.

मग दोघं बियांवरून भांडायला लागले. बाजारात मक्याचं बी लाल-गुलाबी रंग चढवून मिळतं, ते बुरशीनाशक असतं, ते चालणार नाही. भाऊजी म्हणाले, धुऊन घेऊ. वन्संनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी मुकाट्याने भात कालवायला घेतला.

माझ्या बरण्या परत आल्या आहेत. उकळून, पुसून, फडक्यावर पालथ्या. वन्संनी स्वतः उकळल्या. पाचऐवजी चारच आहेत. तीन नंबरची त्यांनी ठेवून घेतली आणि मी मागितली नाही.

उद्या सकाळी वन्संना मक्याचं बी आणायला बाजारात जायचं आहे. दोन किलो, औषध न लावलेलं.